बोर्डिंगचं रजिस्टर : प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर

३ जून

जुन्या कागदांच्या संग्रहासाठी खोली मिळाली. कोल्हापुरात शाहूपुरीत, छापखान्याच्या माडीवर. वर पत्रा आहे, पण गळत नाही. खाली मशिन सुरू झालं की टेबल थरथरतं, त्यामुळे फोटो जेवणाच्या सुट्टीत नाहीतर रात्री आठनंतरच काढता येतील.

आजवर जमलेलं : तीन ट्रंका, दोन पोती, एक रजिस्टर. आवक वहीत रजिस्टरला क्रमांक १ दिला. गेल्या दिवाळीआधी एका बोर्डिंगचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा, माळा साफ झाला, त्यात ते रद्दीत गेलं होतं. रद्दीवाले मामा पुठ्ठा वजनात धरत नाहीत. बांधणीचा जाड पुठ्ठा फाडायला घेतला तर आत मोडी दिसली, म्हणून त्यांनी आमच्या सरांना हाक मारली. मामांना दोनशे रुपये दिले, ते घेईनात, शेवटी चहा घेतला. बोर्डिंगचं नाव या नोंदींत येणार नाही. आज तिथे असलेल्यांना माळ्यावर काय होतं हेच माहीत नव्हतं.

रजिस्टर विद्यार्थी प्रवेशाचं आहे, १९२६ ते १९५१. रकाने : अनुक्रम, तारीख, नाव, जात, गाव, आधीची शाळा, पालक, शेरा. निम्म्यापर्यंत मोडी, पुढे बाळबोध, म्हणजे देवनागरी.

७ जून

ट्रंका उघडल्या. सरांचा नियम पहिल्या दिवशीच सांगून झाला : आतला क्रम मोडायचा नाही. ज्याने कागद ठेवले त्याने ते कसे लावले होते, हीसुद्धा माहिती आहे. मला तारखेप्रमाणे गठ्ठे लावायची फार खाज होती. हात आवरले.

ट्रंक अ : निवृत्त प्राथमिक शिक्षकाची. ‘जनता’चे सुटे अंक, पगाराच्या पावत्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, पंचशीलाचा हाताने रंगवलेला एक कागद.
ट्रंक ब : दर्जीकाम करणाऱ्या मुसलमान घरातली. मोडी, बाळबोध आणि उर्दू, तिन्ही एकाच गठ्ठ्यात.
ट्रंक क : एका जैन हिशेबनिसाची. दुसऱ्या एका वसतिगृहाचा धान्याचा हिशेब त्यांच्याकडे असे. जोंधळा, तूरडाळ, रॉकेल, न्हाव्याचे पैसे.

पोत्यांना अजून हात लावलेला नाही.

१२ जून

दिवसभर टाचण्या काढल्या. गंजलेली टाचणी ओढून काढायची नाही. खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून आधी सैल करायची. दीडशे टाचण्या, दोन बोटं. कसर भरपूर, वाळवी कुठेच नाही. ट्रंक क मध्ये वेखंडाच्या कांड्या निघाल्या आणि त्या ट्रंकेतले कागद सगळ्यांत चांगले आहेत. डांबरगोळ्यांची ट्रंक त्यामानाने वाईट. यातून काही सिद्ध होत नाही, पण वेखंड आणून ठेवलं.

१७ जून

पन्हाळ्याच्या अंगाच्या एका गावातून एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील, सगळे त्यांना आक्का म्हणतात. रद्दीवाल्या मामांकडून कळलं म्हणाल्या. त्यांच्या आज्याने कोल्हापुरात बोर्डिंगला राहून चार इयत्ता केल्या, एवढं घरात सांगतात. पुतण्या इंजिनिअरिंगला लागलाय, व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, पाहिजे.

“त्यात आमच्या म्हाताऱ्याचं नाव हाय का बघा की. आमी मातंग. पण कागुद न्हाई म्हंत्यात.”

घरात जे दाखले आहेत ते सगळे १९५० नंतरचे. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५०. त्याआधीच्या नोंदीला जात पडताळणी समितीपुढे जे वजन आहे ते नंतरच्या दाखल्याला नाही. भटक्या-विमुक्तांसाठी हीच तारीख २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आपण ज्याला संग्रह म्हणतो त्याच्या दारात लोक या तीन तारखा घेऊन उभे राहतात. प्रकल्पाच्या अर्जात आम्ही लिहिलं होतं ‘इतिहासाचे अभ्यासक व विद्यार्थी यांच्यासाठी’. पहिल्या आल्या त्या आक्का.

नाव सांगितलं, वही काढली, पण मोडीतला भाग अजून वाचलेला नाही. नंबर घेऊन ठेवला. त्यांनी डब्यातून आणलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या ठेवून गेल्या.

२६ जून

शाहू जयंती, सामाजिक न्याय दिन. सकाळी दसरा चौकात जाऊन आलो. परत येईपर्यंत तीन जणांचे फोन : “तुमच्याकडं आरक्षणाचा मूळ हुकूम आहे म्हणे, फोटो पाठवा.” नाही. तो करवीर सरकारच्या गॅझेटात २६ जुलै १९०२ रोजी छापला आहे आणि शंभर ठिकाणी पुनर्मुद्रित आहे. एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकासाठी महाराज तेव्हा विलायतेत होते.

त्या हुकमातल्या ज्या ओळी भाषणात येत नाहीत त्या मला जास्त आवडतात. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या, हे सगळ्यांना पाठ आहे. पुढे असं आहे की ज्या कचेरीत हे प्रमाण आज निम्म्याहून कमी आहे तिथली पुढची नेमणूक याच वर्गांतून करायची. आणि हुकमानंतर झालेल्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी पाठवायचा. हुकूम लिहिणाऱ्याला आपल्या कचेऱ्या चांगल्या माहीत होत्या! तक्ता मागितल्याशिवाय कुणी काही करत नाही.

मागासलेले म्हणजे कोण, तेही तिथेच आहे : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वगळून बाकी सगळे. म्हणजे मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, महार, मांग सगळे एका शब्दात. आजचा ‘मागासवर्ग’ डोक्यात ठेवून १९०२ चा कागद वाचला की घोटाळा होतो, आणि तो रोज होतो. महाराज १८९४ साली गादीवर आले तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. १९१२ पर्यंत ९५ पैकी ३५. आकडा हलला तो अशा कंटाळवाण्या तक्त्यांनी आणि ट्रंक क मधल्या जोंधळ्याने. नोकरीला लायक माणूस नाही असं कचेरीने म्हणू नये, तर आधी मुलगा शहरात राहून शिकला पाहिजे, आणि त्याने रात्री जेवलं पाहिजे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ साली मुसलमानांचं, १९०७ साली लिंगायतांचं, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. ही रांग आणि १९०२ चा हुकूम एकाच कामाची दोन टोकं आहेत.

ट्रंक क ला प्राधान्य द्यायचं ठरलं.

२ जुलै

ट्रंक क, पाने १ ते ८८ झाली. काही नोंद करण्यासारखं नाही. रॉकेल महागलं.

९ जुलै

भांडण झालं. मोठं नाही, पण दोघं जेवली नाहीत.

सूची भरणाऱ्या पोरीने रजिस्टरातल्या ‘अस्पृश्य’ या नोंदी थेट ‘अनुसूचित जाती’ अशा भरल्या. तिचं म्हणणं, “मी तो शब्द टाइप करणार नाही, मला माझ्या आजीला ही यादी दाखवायचीय.” तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. सरांचं म्हणणं, कागदावर जे आहे ते आहे.

अडचण अशी की ‘अनुसूचित’ हा शब्द १९३५ च्या कायद्याबरोबर आला, यादी १९३६ ची. १९२८ साली बोर्डिंगात आलेल्या मुलाला अनुसूचित म्हणणं म्हणजे त्याला न मिळालेला हक्क कागदावर देणं. शिवाय याच रजिस्टरात शब्द बदलत जातात : आधी ‘अस्पृश्य’, मग कुठे ‘हरिजन’, एका सुपरिंटेंडेंटच्या काळात ‘दलितवर्ग’, पुढे जातीचं नाव. लिहिणारा हात बदलला की शब्द बदलतो. ते बदल पुसले तर रजिस्टरातली निम्मी गोष्ट गेली.

रात्री उशिरा ठरलं : तीन रकाने. ‘मूळ शब्द’ अवतरणात, जसाच्या तसा. ‘शोधशब्द’ आजचा, माणसं स्वतःला जे म्हणवतात तो. आणि ‘शोधशब्द कोणी, कधी ठरवला’. तिसरा रकाना पोरीने सुचवला. तोच सगळ्यांत कामाचा. उद्या आमचेही शब्द कुणाला टोचतील, तेव्हा दोष कुणाला द्यायचा ते तरी कळेल.

वस्त्यांच्या नावांनाही हेच लावलं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला, तो योग्यच. पण १९३० च्या पत्त्यात ‘महारवाडा’ आहे, आणि नातू आज वेगळ्या नावाने शोधणार. दोन्ही नावं ठेवायची, पडद्यावर नवं आधी.

२५ जुलै

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या वर गेलं. ४३ ला धोका. शाहूपुरीत २०१९ ला काय झालं ते खालच्या छापखान्याच्या भिंतीवर अजून आहे, पिवळी रेघ. आपण माडीवर आहोत, पण जिना खालून आहे.

२६ जुलै

पहाटे ट्रंका हलवल्या. टेम्पो मिळाला नाही. दोन रिक्षा, एक दुचाकी. रजिस्टर मी मांडीवर घेऊन गेले. सरांचं घर चढावर आहे, त्यांच्या देवघरात ठेवलं. काकू म्हणाल्या, “राहू दे की हितंच, देवाला काय अडचण.”

आज हुकमाचा वर्धापनदिन, हे संध्याकाळी लक्षात आलं.

३० जुलै

पाणी जिन्यापर्यंत आलं नाही. मात्र रिक्षात ट्रंक ब वर पाऊस लागला, तळाचे सतरा कागद भिजले. चूक आमचीच, ताडपत्री एकच घेतली. ब्लॉटिंग पेपर मध्ये घालून पंख्यापासून लांब पसरले, दर दोन तासांनी ब्लॉटिंग बदललं. उन्हात कागद ठेवायचे नाहीत हे शेजारच्या आजोबांना तीनदा सांगावं लागलं.

टाकाची निळी-काळी शाई फिकी झाली, पण वाचता येते. जांभळी कॉपिंग पेन्सिल मात्र पाणी लागल्याबरोबर पसरली. तीन अर्जांवरच्या सह्या गेल्या. सुदैवाने त्या गठ्ठ्याचे फोटो २० तारखेला काढून झाले होते. याच ट्रंकेच्या आतल्या बाजूला तळापासून चार बोटांवर एक तपकिरी रेघ आधीपासून आहे. २०१९ ची, घरच्यांनी सांगितलं. तेव्हा त्यांनी आधी शिलाई मशिन माळ्यावर टाकलं, मग ट्रंक. बरोबरच केलं.

१४ ऑगस्ट

उर्दू वाचणारे चाचा मिळाले, निवृत्त शिक्षक, आठवड्यातून दोन दिवस येतील. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचा एक गैरसमज काढला. गठ्ठ्यात मोडी पत्रांखाली उर्दूत दोन ओळी दिसत होत्या, त्यांना आम्ही ‘धार्मिक मजकूर’ असं भरलं होतं. चाचांनी चष्मा पुसला, वाचलं आणि हसले. “यात लिवलंय, कापड दीड वार कमी आलंय, उरलेले पैसे भागवा.”

आमच्या सूचीत नऊ ठिकाणी ‘धार्मिक मजकूर’ होतं. नऊही तपासले. एक दुआ, एक लग्नाचं आमंत्रण, सात हिशेब. लिपी पाहूनच आम्ही मजकूर ठरवला होता. संग्रह करणाऱ्यांनी इतरांवर जी टीका करायची ती आधी आपल्या सूचीवर करावी.

याच ट्रंकेत बोर्डिंगची फी माफ झाल्याची चिठ्ठी आहे, दुमडून दुमडून चार तुकडे झालेली. मुसलमानांच्या शिक्षणासाठी १९०६ साली कोल्हापुरात संस्था निघाली तेव्हा अध्यक्षपद स्वतः महाराजांनी घेतलं होतं. ही चिठ्ठी बरीच नंतरची. तिच्यामागे मुलाने गणितं सोडवली आहेत, त्यातलं एक चुकलंय.

५ सप्टेंबर

आक्कांचा आजा सापडला.

मोडीत ह्रस्व-दीर्घ वेगळं नसतं, शब्द तोडलेले नसतात. आधी रेघ, मग अक्षरं. कारकुनाने नाव घाईत ओढलंय, म्हणून आधी आम्ही ते दुसऱ्याच नावाने भरलं होतं. गाव आणि पालकाचं नाव जुळल्यावर सरांनी भिंग लावलं. जून १९३१, वय १२. नाव इथे लिहीत नाही.

फोन करायला हात गेला आणि मग जातीचा रकाना वाचला. ‘अस्पृश्य’. एवढंच. त्या पानावर चौदा मुलं आहेत, चौदाही ‘अस्पृश्य’. बोर्डिंगला जेवू घालायला तेवढं पुरेसं होतं. कोण महार, कोण मांग, कोण चांभार हे त्या सुपरिंटेंडेंटने विचारलं नसावं किंवा मुद्दामच लिहिलं नसावं. मला तर ते आवडलंच असतं. पण समितीला जातीचं नाव लागतं.

फोन केला, खरं ते सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग, “पर नाव हाय न्हवं?” हाय म्हटलं. “मंग फोटू पाठवा.”

६ सप्टेंबर

झोप नाही. सकाळी सहाला तेच पान पुन्हा. ‘आधीची शाळा’ हा रकाना आम्ही भरतच नव्हतो, वेळ वाचवायला. त्यात गावच्या शाळेचं नाव आणि ‘इयत्ता ४ थी पास’. म्हणजे गावात प्रवेश असणार १९२५-२६ च्या आसपास, आणि शाळेचं जनरल रजिस्टर जर असेल तर त्यात जात वेगळी लिहिलेली असणार. शाळेतून मागायचा कागद म्हणजे प्रवेश निर्गम उतारा. आक्कांच्या भावाला तोच शब्द लिहून पाठवला. ‘दाखला’ मागितला तर शाळा सोडल्याचा नवा दाखला देतात.

आजपासून सगळे रकाने भरायचे. आधीची २१० पानं परत करावी लागतील. कुणी तक्रार केली नाही.

२२ सप्टेंबर

ट्रंक अ. गुरुजींनी आपल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आणि त्यांवर आलेली उत्तरं एकत्र टाचली होती, म्हणून क्रम मोडला नाही ते बरं झालं. धर्मांतराच्या आधीचे अर्ज सरळ मंजूर. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर गुरुजींनी रकान्यात ‘बौद्ध’ लिहिलं आणि उत्तर आलं : सवलत लागू नाही. पुढच्या वर्षी पुन्हा ‘बौद्ध’, पुन्हा तेच उत्तर. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, तिथून पुढे मंजूर. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० उजाडावं लागलं. तोवर धाकटा मुलगा नोकरीच्या वयातून निघून गेला होता.

त्यांच्या सुनेला विचारलं, सवलतीसाठी जुनी जात लिहावी असं त्यांना कुणी सांगितलं नाही का? “सगळ्यांनी सांगितलं. ते म्हणाले, मी वर्गात पोरांना खरं लिहायला शिकवतो.” ही ओळ कुठे भरायची? कागदावर नाही, म्हणून सूचीत जागा नाही. मौखिक नोंद असा वेगळा क्रमांक दिला, त्यांच्या परवानगीने आवाज रेकॉर्ड केला. अकरा मिनिटं. मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत, काढलेल्या नाहीत.

१० ऑक्टोबर

आक्का आणि त्यांचा भाऊ आले. शाळेत आधी ‘जुनं रजिस्टर नाही’ असं सांगितलं गेलं. भाऊ उठला नाही. तिसऱ्या दिवशी शिपायाने स्वतःहून कपाटामागचा गठ्ठा काढला. उतारा मिळाला, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने. प्रवेश १९२५. जात : मांग. मांग आणि मातंग यादीत एकाच ओळीत आहेत, त्यामुळे तो प्रश्न नाही.

सर उतारा बराच वेळ बघत होते. १९१९ साली संस्थानाने अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्या पोरांना बाकीच्या शाळांत सगळ्यांबरोबर घ्यायला सांगितलं. हा मुलगा त्यानंतर सहा वर्षांनी गावच्या शाळेच्या पटावर आलेला. पटावर त्याच्या वरचं नाव पाटलाच्या घरातलं असावं, खालचं सुताराच्या. बसायला कुठे दिलं होतं ते पटावर नसतं.

आक्कांनी झेरॉक्स आमच्यापुढे सरकवली. “ही पन ठेवा तुमच्यात. बोर्डिंगच्या पानाला जोडून.” जोडता येत नाही, मूळ क्रम मोडतो. वेगळा क्रमांक देऊन दोन्हीकडे उल्लेख केला : १/पान ६३ पाहा, ४७ पाहा. त्यांना ते पटलं नाही. “येकाच मानसाचं हाय की.” मलाही पुरतं पटलेलं नाही.

४ नोव्हेंबर

प्रवेशाचे नियम आज लिहून काढले. रजिस्टरचे फोटो इंटरनेटवर खुले करायचे नाहीत. जातीचा रकाना असलेलं पान कुणीही कुणाचंही बघायचं, हे आम्हाला कुणालाच नको आहे. आडनाव बदललेली, शहरात गेलेली माणसं आहेत. दुसरीकडे ज्यांना ते पान लागतं त्यांना आमचा पत्ताही सापडत नाही. म्हणून : गावांची यादी आणि वर्षं खुली, नावं आणि जात बंद. घरचा माणूस आला की समोर बसवून दाखवायचं, प्रत मोफत. अभ्यासकाला नावं झाकून. प्रत समितीपुढे चालेलच असं आम्ही सांगायचं नाही. रजिस्टर खासगी आहे, शाळेचं नाही.

घरचा माणूस कसा ओळखायचा, यावर दीड तास गेला. आक्कांकडेही कागद नव्हता, म्हणून तर त्या आल्या. शेवटी लिहिलं : ‘गाव, पालकाचं नाव आणि घरात सांगत आलेली गोष्ट जुळली तर.’ वकील मित्र हसला. राहू दिलंय.

१९ नोव्हेंबर

२१० पैकी १६४ पानं पुन्हा भरून झाली. ‘आधीची शाळा’ या रकान्यातून ५८ गावांच्या शाळा निघाल्या. त्या गावांची यादी छापखान्यातून एका पानावर छापून घेतली, मालकांनी पैसे घेतले नाहीत. उद्यापासून एस.टी. स्टँडवर आणि तहसीलच्या बाहेरच्या झेरॉक्सवाल्यांकडे चिकटवायची. व्हॅलिडिटीचे कागद घेऊन माणूस आधी तिथेच येतो.

आक्कांच्या पुतण्याची फाइल समितीत आहे, सुनावणीची तारीख लागलेली नाही. पोती अजून तशीच. वरच्या पोत्याला उंदराने भोक पाडलंय, उद्या सकाळी आधी ते.